पंपाला गोबरगॅस पाजताना

शिमगा सरला की बागांतून काजूच्या बोंडूंचा वास सुटतो, आणि त्याच सुमाराला गावातला कुणीतरी पोरगा माझ्या पडवीत येऊन विचारतोच, "काका, फेणीर बाईक चलतली काय?"

मी एस.टी.त ३३ वर्षं मेकॅनिक होतो. आता वेंगुर्ले तालुक्यात माझी वाडी आहे: ६० माड, २०० पोफळी, थोडे काजू, दोन म्हशी, दोन गाई. त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे यायचाच. उत्तर नाही असं आहे, पण 'नाही'च्या पुढं बरंच काही आहे, म्हणून एकदा नीट लिहून काढतो.

फेणीत मद्यार्क ४०-४५ टक्के आणि उरलेलं पाणी. तेवढ्यावर पेट्रोल इंजिन चालत नाही. साध्या भट्टीवर कितीही वेळा चढवली तरी ९५-९६ टक्क्यांच्या पुढे पाणी सुटत नाही, तिथं दोघांची वाफ एकत्रच निघते. बरं, तेवढी शुद्ध केली तरी कार्ब्युरेटरचा जेट, म्हणजे इंधन सोडणारं बारीक भोक, मोठा करावा लागतो. एक किलो पेट्रोल जाळायला १४.७ किलो हवा लागते, मद्यार्काला फक्त ९, म्हणजे त्याच हवेत इंधन जास्त जायला हवं. आणि सगळ्यात मोठी अडचण अशी की तेरेखोल नदीच्या पलीकडे गोव्यात परवाना काढून फेणी गाळणं हा धंदा आहे, अलीकडे महाराष्ट्रात विनापरवाना भट्टी लावली तर १९४९च्या दारूबंदी कायद्यानं तो गुन्हा आहे. पंपासाठी गाळत होतो म्हणून सांगितलंत तर पोलीस हसतील, पण सोडणार नाहीत.

तसं पाहिलं तर मद्यार्क तुमच्या टाकीत आलेलाच आहे. २०२३पासून २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळायला लागलं, त्यातलं काही इथेनॉल साखर कारखान्यांच्या मळीतून येतं. ते कारखान्याचं काम. आपल्या वाडीत त्याच बोंडूचं, त्याच शेणाचं जे होऊ शकतं ते म्हणजे गॅस.

हा हिशेब मी एकदा कागदावर मांडला तेव्हा मलाच नवल वाटलं. १० किलो बोंडूत साधारण किलोभर साखर असते. त्या साखरेची पूर्ण दारू केली तर जळताना जेवढी उष्णता मिळते, जवळजवळ तेवढीच उष्णता त्याच साखरेच्या गॅसमधून मिळते. फरक एवढाच की दारू गाळायला लाकडं जाळावी लागतात, आणि गॅस आपण होऊन पाण्यातून बुडबुड्यानं वर येतो, त्याला भट्टी लागत नाही. सडवण्याच्या कामात निसर्गानंच गाळून दिलेलं इंधन हे.

आणि हे काही आजचं खूळ नव्हे. माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली सांडपाण्याच्या टाकीतला गॅस गोळा करून त्यावर इंजिन चालवलं होतं. सव्वाशे वर्षं झाली त्याला.

माझ्याकडे निमित्त रॉकेलचं झालं. व्हाळाकाठी, म्हणजे ओढ्याकाठी, माझा पेट्रोलवर सुरू होणारा आणि रॉकेलवर चालणारा जुना पंप होता. रेशनचं रॉकेल मिळेनासं झालं आणि पंप धूळ खात पडला. विजेचा खांब चार मळ्यांपलीकडे. मग १६३ सीसीचा साधा पेट्रोल पंप घेतला. फोर-स्ट्रोक आहे, हे लक्षात ठेवा. टू-स्ट्रोक इंजिनाचं वंगण पेट्रोलमधूनच जातं, त्याला नुसता गॅस दिलात तर पिस्टन चिकटेल.

किती गॅस, किती पाणी

आधी गणित, कारण बहुतेकांचं इथंच फसतं. किलोभर ताज्या शेणापासून साधारण ४० लिटर गॅस होतो. माझी चार जनावरं मिळून रोज ५० किलो शेण देतात, म्हणजे २ घनमीटर गॅस. माणशी स्वयंपाकाला पाव घनमीटर धरा, आम्ही दोघं आणि येणारे-जाणारे मिळून ०.६ जातो. उरतो १.४.

आता इंजिन किती पितं ते. १६३ सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन ३००० फेऱ्यांवर मिनिटाला १५०० वेळा श्वास घेतं. छाती पूर्ण भरत नाही, म्हणून ८० टक्के धरले तर मिनिटाला सुमारे १९५ लिटर मिश्रण, तासाला ११.७ घनमीटर. ६० टक्के मिथेन (गॅसातला जळणारा भाग) असलेल्या गॅसच्या एका भागाला ५.७ भाग हवा लागते, म्हणजे मिश्रणातला जवळपास सातवा हिस्सा गॅस. थ्रॉटल पूर्ण उघडा असेल तर तासाला पावणेदोन घनमीटर. माझ्या पंपावर तेवढा लोड नसतो, दीडच्या आसपास जातो.

म्हणून मी दिवसाआड तासभर पंप चालवतो. तेवढ्यात माड-पोफळींचं दोन दिवसांचं पाणी होतं. दीड घनमीटर गॅस म्हणजे उष्णतेत लिटरभर पेट्रोल. जानेवारी ते मे ७५ वेळा पंप चालला तर ७५ लिटर वाचलं. श्रीमंत होण्याची ही वाट नव्हे, हे आधीच सांगतो. ज्याच्याकडे गोबरगॅस आधीपासून आहे आणि गॅस उरतो, त्यानंच हे करावं. पंपासाठी म्हणून टाकी बांधायला जाऊ नका.

खड्ड्याचं पोट

लोक मला इंजिनाबद्दल विचारतात. इंजिनाचं काम एका दुपारचं आहे. खरं काम खड्ड्याचं पोट सांभाळण्याचं.

माझी टाकी ३ घनमीटरची, दीनबंधू पद्धतीची, म्हणजे जमिनीखालचा विटांचा घुमट. दिल्लीच्या ॲफप्रो या संस्थेनं ही पद्धत १९८४ साली आणली. आमच्या सिंधुदुर्गात झारापच्या भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठाननं गावोगाव बायोगॅसचं काम केलं, त्यामुळे घुमट जमणारा गवंडी शोधायला लांब जावं लागत नाही. लोखंडी ड्रम तरंगणारी खादी ग्रामोद्योगची जुनी पद्धतही चांगली, पण खाऱ्या हवेत ड्रम गंजतो आणि दरवर्षी रंग द्यावा लागतो.

शेण आणि पाणी सारखं, ५० किलोला ५० लिटर. गवताच्या काड्या, दगड काढून टाकायचे. कोकणातली ऊब या कामाला बरी. आतल्या जिवाणूंना ३५ अंशांच्या आसपास सगळ्यात मानवतं, घाटावरच्या थंडीत जसा गॅस बसतो तसा आमच्याकडे बसत नाही.

बोंडू घालायचं माझ्या डोक्यात पहिल्याच उन्हाळ्यात आलं. बिया काढून घेतल्यावर बागेत बोंडूंचा खच पडतो, बीपेक्षा बोंडू सहा-आठ पट वजनाचा. मी एका दिवसात ६० किलो चेचून टाकीत ओतले. दुसऱ्या दिवशी घुमट तट्ट फुगला, आतला शेणकाला, म्हणजे स्लरी, बाहेरच्या कुंडीतून वाहायला लागली. मी खूश. पंपाकडे गेलो तर इंजिन दोनदा खोकलं आणि बंद. तोवर घरातून हाक आली, "अवो, गॅस पेटना नाय! माजे भाकरे खंय भाजू?"

झालं असं होतं की साखर भराभर आंबून आम्लं झाली, आणि आम्लं खाऊन मिथेन करणारे जिवाणू असतात सावकाश काम करणारे. त्यांच्या हाताबाहेर काम गेलं. निघत होता तो बहुतेक कार्बन डायऑक्साइड, फुगवायला ठीक, जळायला शून्य. पुढचे १२ दिवस नुसतं शेणपाणी, तेही निम्मं, आणि किलोभर चुना पाण्यात कालवून तीन दिवसांत थोडा थोडा. मग ज्योत निळी झाली. तोवर चुलीवर भाकऱ्या आणि माझा उद्धार.

आता मी पहिल्या दिवशी २ किलो, दर दोन-तीन दिवसांनी थोडे वाढवत पंधरवड्यात १० किलोपर्यंत येतो, त्याच्या वर जात नाही. मुसळानं चेचून, शेणकाल्यातच मिसळून. लिटमसपेक्षा जरा बारीक मोजणारे पीएचचे कागद मिळतात, बाहेर येणारी स्लरी ७च्या आसपास हवी. साडेसहाच्या खाली सरकली की बोंडू बंद. १० किलो बोंडूनं रोज ०.७ घनमीटरपर्यंत गॅस वाढतो, पण साखरेच्या गॅसात मिथेन निम्माच असतो, शेणाच्या गॅसासारखा ५५-६५ टक्के नाही. त्यामुळे मोसमात इंजिनाला हवा थोडी कमी, गॅस थोडा जास्त द्यावा लागतो.

पुण्याच्या आरती या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी पिठूळ, गोड खरकट्यावर चालणारा छोटा घरगुती बायोगॅस केला, २००६ साली त्याला ॲश्डेन पुरस्कार मिळाला. कल्पना तीच, जिवाणूंना शेणापेक्षा अन्न आवडतं. गरे काढून उरलेला फणस, आंब्याच्या साली, उरलेली पेज, सगळं चालतं, बेतानं घाला म्हणजे झालं. मासळीची घाण मात्र मी घालत नाही. तिच्यात गंधक आणि नायट्रोजन जास्त, वासाचा गॅस वाढतो, आणि तो इंजिनाचा वैरी.

मिथेन किती आहे ते घरच्या घरी मोजता येतं. मेडिकलमधून ५० मिलीची सिरिंज आणा, सुई नको. तिच्यात ४० मिली गॅस ओढा. ग्लासभर पाण्यात चमचाभर कॉस्टिक सोडा विरघळवा (हातमोजे आणि चष्मा घालून, कातडी जाळतो तो). सिरिंजचं टोक त्यात बुडवून १० मिली ओढा, टोक बोटानं दाबून जोरात हलवा. कार्बन डायऑक्साइड सोड्यात विरतो, दट्ट्या आपोआप आत सरकायला लागतो. टोक पुन्हा द्रावणात बुडवून बोट काढा, जेवढी जागा रिकामी झाली तेवढं द्रावण आत येईल. उरलेला वायू २४ मिली असेल तर मिथेन ६० टक्के. माझं इंजिन ५०च्या खाली धापा टाकतं, म्हणून ५० दिसलं की त्या दिवशी पंप पेट्रोलवर.

हा कार्बन डायऑक्साइड काढूनच टाकला तर? मीही विचार केला होता. चुन्यातून गॅस सोडला की तो निघतो. पण घनमीटरभर गॅसात ४० टक्के धरला तर तो ७०० ग्रॅमच्या वर भरतो आणि त्याला सव्वा किलो चुना लागतो. दर खेपेला दीड-दोन किलो चुना पंपाला खाऊ घालायचा, म्हणजे पेट्रोल परवडलं. राहू दे तो बिचारा, जळत नाही आणि बिघडवतही नाही.

वासाचा बंदोबस्त

बिघडवतो तो हायड्रोजन सल्फाइड, कुजक्या अंड्याच्या वासाचा. प्रमाण टक्क्याच्याही आत असतं, पण जळून आम्ल होतं, तेल खराब करतं, पितळ-तांबं काळं करतं. पहिल्या वर्षी मी फिल्टर लावला नाही आणि मे महिन्यात कार्ब्युरेटर खोलला तर जेट कोळशासारखे.

उपाय गंज. गंजलेलं लोखंड हा गॅस धरून ठेवतं. चार इंची पीव्हीसी पाइपचा दोन फुटी तुकडा घ्या, दोन्हीकडे टोपण, खाली गॅस आत, वर बाहेर. आत लेथवाल्याकडचा लोखंडी कीस भरा. तेलकट असतो, म्हणून साबणानं धुवा आणि आठवडाभर अंगणात पाणी मारून गंजू द्या. आमच्याकडच्या हवेला आठवडाही लागत नाही. भांडी घासायची चकचकीत तारेची घासणी घालू नका, ती स्टेनलेस असते, गंजतच नाही, म्हणून काम करत नाही.

मी त्यात निम्मा जांभ्याचा चुराही घालतो. जांभ्याचा लाल रंग लोखंडाच्या गंजाचाच. माझा अनुभव असा की चुरा वाटाण्याएवढा हवा. माती घातली ती ओलाव्यानं बसली आणि गॅसची वाटच बंद झाली. फिल्टर संपला की नाही ते चांदीच्या जुन्या नाण्यानं बघतो. बाहेरच्या तोंडाशी धरलेलं नाणं काळवंडलं की भरण बदलायचं. वापरलेला कीस उघड्यावर पसरला की हवा लागून पुन्हा कामाचा होतो, पण होताना तापतो, पेटूही शकतो. म्हणून ओला करून, गवतापासून लांब, दगडावर पसरा.

गॅसात पाण्याची वाफही भरपूर असते. पाइपाला उतार ठेवा आणि सगळ्यात खालच्या जागी टी लावून एक छोटा कॉक, रोज सकाळी पाणी सोडायला. नाहीतर पाइपात पाणी साचतं आणि गॅस गुडगुडत, हिसके देत येतो.

फुगा

दीनबंधूत गॅसचा दाब सारखा बदलतो. घुमट भरला की पाण्याच्या ९०-१०० सेंटिमीटरपर्यंत जातो, रिकामा होत आला की जवळपास शून्य. शेगडीला चालतं, इंजिनाला नाही. कधी जास्त गॅस, कधी कमी, मिश्रण जुळतच नाही. बाजारातला घरगुती सिलिंडरचा रेग्युलेटर इथं उपयोगाचा नाही, तो जास्त दाबासाठी असतो. सोपा उपाय म्हणजे मध्ये एक फुगा, जाड पीव्हीसी कापडाची २ घनमीटरची पिशवी. गॅस आधी त्यात, मग त्यातून इंजिनाला जवळजवळ बिनदाबाचा.

फुगा आणला तेव्हा पाइप टाकलेला नव्हता. मी तो टाकीपाशी भरला, तोंड बांधलं आणि डोक्यावर घेऊन पंपाकडे निघालो. बायोगॅस साधारण हवेइतकाच जड, त्यामुळे म्हशीएवढी ही पिशवी नुसत्या कापडाच्या वजनाची लागते. पण दुपारी दर्याचा वारा सुटतो. बांधावर वाऱ्यानं मला पार फिरवला. सौ. खळ्यातून बघत होती. "फुगो घेवन खंय चललात? जत्रेक?" दुसऱ्याच दिवशी मी कुडाळहून इंची काळा एचडीपीई पाइप आणला, १२० फूट. भरलेला फुगा घेऊन फिरणं हा नुसता विनोद नाही, बिडी ओढणारा एक माणूस वाटेत भेटला तर पुरे. तुम्ही ते करू नका.

फुगा पंपापासून २० फूट लांब, सावलीत, झापांच्या उघड्या मांडवाखाली. माडाखाली मात्र नाही. हे मला पहिल्याच आठवड्यात एका नारळानं शिकवलं. गॅस सगळा गेला, फुग्याला सायकलच्या ट्यूबचं ठिगळ लागलं.

टाकीकडून येणाऱ्या पाइपावर, फुग्याच्या आधी, पाण्याची बाटली लावा. गॅसची नळी पाण्यात ५ सेंटिमीटर बुडलेली, वरच्या तोंडातून गॅस पुढे. आग उलटी आलीच तर पाण्याशी अडते. पुरा दाब एकदम सोडलात तर पाणीही पुढे उडेल, म्हणून टाकीचा कॉक थोडाच उघडायचा आणि फुगा सावकाश भरायचा.

इंजिनाचं तोंड

आता ती दुपार. लागणारं सामान सावंतवाडीच्या कुठल्याही हार्डवेअरमध्ये मिळतं, माझं दोन हजारांच्या आत झालं.

एअर फिल्टर काढा. फिल्टर आणि कार्ब्युरेटर यांच्यामध्ये बसेल असा नायलॉनचा दोन इंच लांबीचा तुकडा लेथवर करून घ्या, आतलं भोक कार्ब्युरेटरच्या तोंडाएवढंच. मध्यभागी आडवं अर्ध्या इंचाचं निपल. निपलाला होज, होजवर गॅसचा व्हॉल्व्ह. बॉल व्हॉल्व्ह नको, तो पाव फेरीत पूर्ण उघडतो. स्क्रूनं हळूहळू उघडणारा ग्लोब व्हॉल्व्ह घ्या. जवळच युनियन जोडात स्टेनलेसच्या बारीक जाळीच्या पाच-सहा घड्या दाबून बसवा, ती बॅकफायरची ज्वाळा अडवते. आणि सगळ्यात शेवटी बॉल व्हॉल्व्ह, तो अडीअडचणीला एका झटक्यात बंद करायला.

गॅस कार्ब्युरेटरच्या आधी घ्यायचा यात एक गंमत आहे. थ्रॉटलची पाकळी पुढे आहे, म्हणजे वेग सांभाळणारा गव्हर्नर आता हवा-गॅसचं तयार मिश्रण कमी-जास्त करतो. त्याला हात लावायची गरजच नाही. पेट्रोलची सगळी व्यवस्थाही जशीच्या तशी राहते.

माझा एक दिवस गेला तो चोकपायी. फुग्यातल्या गॅसला दाब नाही, इंजिनानं तो ओढून घ्यायला हवा. ओढ वाढवायची म्हणून मी चोक ओढत होतो आणि इंजिन आणखीच मरत होतं. संध्याकाळी बिडी पेटवता पेटवता (पंपापासून लांब) लक्षात आलं की चोक गॅसच्या तोंडाच्या पुढे आहे, तो हवा आणि गॅस दोघांनाही अडवतोय. अडवायची ती फक्त हवा, आणि गॅसच्या तोंडाच्या आधी. मग नायलॉनच्या तुकड्याच्या हवेकडच्या बाजूला पत्र्याची चकती एका स्क्रूवर फिरती बसवली. बस. गॅसचा व्हॉल्व्ह आणि ही चकती, दोन हातांत सगळं इंजिन.

सुरू करताना पेट्रोलवरच करा. दोन मिनिटं तापू द्या. मग पेट्रोलचा कॉक बंद करून थांबा. फ्लोट बाऊलमधलं (कार्ब्युरेटरच्या वाटीतलं) पेट्रोल संपत आलं की इंजिन हुंकार देत वर-खाली व्हायला लागतं, तेव्हा गॅस हळूहळू उघडा. घाई केलीत तर दोन्ही इंधनं एकत्र जातात, काळा धूर येतो आणि बंद. इंजिन गॅसवर धरलं की व्हॉल्व्ह उघडत जा, वेग वाढत वाढत एका जागी थबकतो, तिथून पुढे उघडलं की अडखळतं. किंचित मागे या. मग पंपावर पाण्याचा लोड आल्यावर पुन्हा एकदा जुळवा, कारण रिकामं जुळवलेलं लोडवर कमी पडतंच. कार्ब्युरेटरच्या तोंडाशी फट्-फट् ऐकू आलं तर गॅस कमी पडतोय. नुसतं घुसमटत असेल तर जास्त झालाय.

ताकद कमी होणार, हे मान्य करून टाका. सिलिंडरातली सातव्या हिश्शाची जागा गॅसनं घेतली, शिवाय हा गॅस पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो. पेट्रोलवर माझी हौदी २० मिनिटांत भरायची, गॅसवर २६ लागतात. प्लॅटिनम पॉइंटचं जुनं इंजिन असेल तर टायमिंग थोडं पुढे घेऊन त्यातलं काही परत मिळवता येतं. नव्या इंजिनांत फ्लायव्हीलच्या चावीनं टायमिंग पक्कं केलेलं असतं, तिथं कानस चालवू नका. प्लगची गॅप मी ०.७ वरून ०.५ मिलिमीटर केली, त्यानं चुकार ठिणगी थांबली. तेल मात्र निम्म्या तासांवर बदलतो, १००च्या जागी ५०.

बंद करताना उलटं. गॅस बंद, पेट्रोल चालू, शेवटची तीन-चार मिनिटं पेट्रोलवर. सिलिंडरात वासाच्या गॅसचा अंश रात्रभर ओलाव्याबरोबर बसू द्यायचा नाही. मग फुग्याचा कॉक, मग टाकीचा. मी फुग्याचा एकदा विसरलो होतो आणि सकाळी मांडवात सगळीकडे वास. मिथेन हवेत ५ ते १५ टक्के मिसळला की ठिणगीची वाट बघत असतो, त्या दिवशी मी इंजिनाची दोरी ओढायच्या आधी तासभर वारा खेळू दिला.

गळती शोधायची ती साबणाच्या फेसानं, काडीनं कधीच नाही. इंजिन टाकीपासून चांगलं ३० फूट लांब आणि उघड्यावर हवं, बंद खोलीत त्याचा धूर जीव घेतो. टाकी रिकामी केली तरी आत उतरायचं नाही. तिथं श्वासाला हवा नसते, आणि वासाचा गॅस जास्त असला की नाकच बधिर होतं, वास येत नाही म्हणून माणूस फसतो. एकाला काढायला दुसरा उतरतो आणि दोघं राहतात.

बाईकवाल्या पोरांसाठी दोन ओळी. घनमीटरभर गॅस म्हणजे दोन-तृतीयांश लिटर पेट्रोल, तो दुचाकीवर न्यायचा तर दाबून भरायला हवा. घरच्या सिलिंडरात हवेच्या पंपानं भरायचे व्हिडिओ बघून माझ्याकडे येऊ नका. स्वयंपाकाचा गॅस दाबला की पातळ होतो, मिथेन आपल्याकडच्या हवेत कितीही दाबला तरी होत नाही. सीएनजीच्या टाक्या २०० बारच्या आसपासच्या दाबासाठी वेगळ्या केलेल्या असतात, तुमचा सिलिंडर तसा नाही. आणि डिझेल इंजिनाचं विचारणाऱ्यांना सांगतो की तिथं स्पार्क नाही, त्यामुळे थोडं डिझेल लागतंच, बाकी काम हवेच्या तोंडातून गॅस सोडलात की होतं. ते सोपं आहे, पण माझ्याकडे डिझेल पंप नाही.

मिरगाच्या आधी एका रविवारी आवराआवर. पावसात पंप लागत नाही, स्लरी माडांच्या आळ्यांत जाते आणि गॅस सगळा स्वयंपाकघराचा. टाकीच्या कुंडीत पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून तिच्यावर पत्रा. इंजिनाचं पेट्रोल पूर्ण काढायचं, बाऊलच्या खालचा स्क्रू सोडून तोही रिकामा करायचा, कारण आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल आमच्या पावसाळी हवेत पाणी ओढतं आणि ऑक्टोबरमध्ये तळाशी पाणी आणि शेवाळी जेट मिळतात. प्लग काढून चमचाभर तेल सिलिंडरात, दोरी दोनदा हळू ओढायची, प्लग परत. नायलॉनचा तुकडा आणि जाळी धुऊन डब्यात. फुगा कोरडा पुसून, घडी न करता गुंडाळून माळ्यावर, पण दोरीनं टांगून, नाहीतर उंदीर नारळाच्या आधी त्याचा निकाल लावतात.